आभारपत्रातलं गाळलेलं वाक्य

ते वाक्य पंधरा शब्दांचं होतं आणि ते मी काढलं. टाईप करताना नजरचुकीनं राहिलं नाही, कॉम्प्युटर बिघडला नाही. समोर कागद होता, कागदावर वाक्य होतं, मी ते नीट वाचलं आणि ते सोडून पुढचं टाईप केलं. हे आधीच सांगून टाकतो. कारण अंकलबद्दल लिहायला बसलं की मला हसू येतं, वाचणाऱ्यालाही येईल, आणि त्या हसण्यात माझी गोष्ट बुडून जाईल. चौदा वर्षं ती मी अशीच बुडवत आलो.

अंकल वसईचे. मस्कतमधल्या एका मोठ्या हॉटेलात स्टोअरकीपर होते. मी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत सेल्समन होतो आणि व्हॅनमधून हॉटेलांना माल पोचवायचो. त्यांच्या हॉटेलच्या मागच्या दाराशी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टोमॅटो पेस्टचे डबे घेऊन गेलो होतो. त्यांनी सगळे डबे टेबलावर ओळीनं मांडायला लावले आणि एकेका डब्याला कान लावून बोटाच्या पेरानं ठकठक वाजवायला सुरुवात केली. अठ्ठेचाळीस डबे. बाहेर मे महिन्याचं ऊन, व्हॅन चालू, आत माझं चीज वितळतंय.

शेवटी तीन डबे त्यांनी बाजूला काढले.

"हे परत ने."

"का? तारीख आहे, सील आहे."

"आवाज लागत नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून दोन रबरी शिक्के काढले. एकावर इंग्रजीत 'मिळाले' असं होतं, दुसऱ्यावर 'तपासले'. पंचेचाळीस डब्यांच्या पावतीवर त्यांनी दोन्ही शिक्के मारले. मग म्हणाले, "मिळणं वेगळं, तपासणं वेगळं. लोक एकाच शिक्क्यावर भागवतात, म्हणून मग भांडत बसतात."

ते तीन डबे मी कंपनीत नेऊन उघडून पाहिले. दोन चांगले निघाले. तिसरा उघडताच असा फसफसला की आमचा मल्याळी सुपरवायझर खुर्चीवर चढला. पुढच्या खेपेला मी अंकलना हे सांगितलं. त्यांनी एका डब्याबद्दल शाबासकी घेतली आणि दोन चांगल्या डब्यांबद्दल आपणहून लेखी खुलासा लिहून दिला.

त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मराठी ना तू? देवनागरी टाईप करता येतं?"

येत होतं. तिथून मी त्यांच्या फोरममध्ये अडकलो.

फोरम म्हणजे इंटरनेटवरची एक साधी जागा, ओमानमधल्या मराठी माणसांसाठी. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर नव्हते. कोणी ऑफिसात साहेब जेवायला गेला की उघडायचं, कोणी सायबर कॅफेत. तिथं नाचणीचं पीठ कुठं मिळतं इथपासून पोराला मराठी वाचायला कसं शिकवू इथपर्यंत सगळं विचारलं जायचं. सगळ्यात गजबजलेला विभाग होता 'कोण जातंय?' मुंबईला कोण निघालंय, त्याच्या बॅगेत दोन किलोची जागा आहे का, आईची औषधं, पोराची कागदपत्रं, चष्म्याची फ्रेम. अनोळखी माणसं एकमेकांच्या बॅगांतून एकमेकांची घरं चालवत होती. सोहारच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार शुक्रवारी कॅफेत जाऊन रोमन अक्षरांत लिहायचे, आणि अंकलच्या आज्ञेनं मी ते देवनागरीत करून टाकायचो, म्हणजे "त्यांचंही इतरांच्यासारखं दिसेल."

हे सगळं फुकट. सभासदाकडून एक ओमानी बैसा घ्यायचा नाही हा अंकलचा पहिला नियम. "सभासदानं दिलं की तो मालकासारखा बोलायला लागतो, नाही दिलं की भिकाऱ्यासारखा. मला दोन्ही नकोत." पण सर्व्हरला भाडं पडायचं. मग प्रायोजक. दर महिन्याला एक दुकान, पानाच्या तळाशी एकच ओळ: 'हा महिना अमुक यांच्यामुळे.' एका महिन्यापेक्षा जास्त कोणालाही नाही, नाहीतर तो अर्बाब, म्हणजे मालक, होऊन बसेल. इथवर शहाणपणाचं होतं. पुढचा नियम अंकलचा खास होता. प्रायोजकाचा माल किंवा सेवा ते स्वतः महिनाभर वापरणार, त्याशिवाय ओळ नाही. आणि महिन्याच्या शेवटी आभारपत्र लिहिणार, त्यात चांगलं आणि वाईट दोन्ही असणार.

"आभारात वाईट कोण लिहितं अंकल?" मी म्हटलं.

"मग ते आभार कसले? ती पोचपावती झाली."

पहिला प्रायोजक मिळाला तो मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारातला लेडीज टेलर. मला वाटलं, सुटलो, हा नियम इथेच मोडणार. अंकल गेले आणि स्वतःच्या मापाचा पंजाबी ड्रेस शिवून घेऊन आले. आकाशी रंग, गळ्याला लेस. अझैबात एका ओमानी कुटुंबाच्या बंगल्यामागच्या खोलीत ते भाड्यानं राहायचे. महिनाभर ते संध्याकाळी घरी तो ड्रेस घालून बसले. एकदा घरमालक काही विचारायला आला, दारातच थांबला, वर आकाशाकडे बघत बोलला आणि परत गेला. त्यानंतर तो नेहमी फोनच करायचा. आभारपत्रात अंकलनी लिहिलं: 'शिलाई बारीक व मजबूत. धुतल्यावर रंग गेला नाही. काखेत दाटतो, परंतु तो दोष माझाही असू शकेल. खिसा नाही. बायकांनी वस्तू कुठे ठेवाव्यात याचा टेलरनं विचार केलेला दिसत नाही.'

मला वाटलं टेलर भांडायला येईल. आठवड्याभरात त्याच्याकडे मराठी बायकांची रांग लागली, खिसा लावून द्या म्हणून.

नंतर एक तेल विकणारा आला. टकलावर केस उगवतात म्हणाला. अंकलचं डोकं पूर्ण मोकळं होतं, त्यामुळे प्रयोगाला जागा भरपूर. त्यांनी महिनाभर तेल फक्त उजव्या अर्ध्या डोक्याला लावलं, डावा भाग तुलनेसाठी कोरडा. हॉटेलच्या दिव्याखाली ते उभे राहिले की एक बाजू चकाकायची आणि एक नाही. महिन्यानं त्यांनी मला भिंग देऊन दोन्ही बाजू तपासायला लावल्या. आभारपत्र: 'केस आले नाहीत. मात्र महिनाभर उजव्या बाजूस डोकेदुखी झाली नाही, डावीकडे दोनदा झाली.' ते तेल डोकेदुखीवर असं खपलं की त्या माणसानं बाटलीवरचं चित्रच बदललं.

ड्रायव्हिंग शिकवणारा उस्ताद ओमानी होता. अंकलकडे वीस वर्षांचं लायसन्स होतं. तरी ते महिनाभर आठवड्यातून तीनदा शिकायला गेले. ओमानमध्ये लायसन्ससाठी पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यावी लागते, त्याला सगळे ड्रम टेस्ट म्हणतात आणि भलेभले तिथे रडतात. अंकल पहिल्याच दिवशी पिंपांना न लागता मागे गेले. उस्ताद म्हणाला, "अंकल, तुमको आता है. क्यों पैसा वेस्ट?" अंकल म्हणाले, "आप सिखाओ. मैं भूल के बैठा हूँ." आणि खरंच त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन पिंपं पाडली, शिकवणारा रागावतो का ते बघायला. तो रागावला नाही. आभारपत्र: 'उस्ताद शांत. पिंप पाडल्यावरही शांत. गाडीचा डावा आरसा हलतो. शिकवणीच्या वेळात चहाला थांबतात, परंतु चहा तेच पाजतात.' पत्र टाकण्याआधी ते प्रायोजकाला फोनवर वाचून दाखवायचे. वाचून दाखवायचं, बदलायचं नाही. उस्तादनं ते हिंदीत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आरसा सच है." दुसऱ्या दिवशी त्यानं आरसा बदलला.

या वेड्या पद्धतीनं फोरम सहा वर्षं चालला. माणसं आभारपत्रं वाचायला यायची. मला अजून कोणी सांगितलं की आमच्या अंकलच्या फोरमवर लिहिलं होतं म्हणून आम्ही तो फ्रीज घेतला नाही, तर माझी मान खाली जाते.

अंकलना टाईप करायला वेळ लागायचा. एका बोटानं, प्रत्येक अक्षराआधी कीबोर्डकडे संशयानं बघत. म्हणून ते आभारपत्र हॉटेलच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर हातानं लिहायचे, माझ्याकडे द्यायचे आणि मी टाईप करून टाकायचो. कागद परत त्यांच्या फाईलमध्ये. डबा वाजवून घेणारा, अंड्याचा ट्रे उन्हात धरणारा, हॉटेलनं दिलेला वाढदिवसाचा केकही वजन करून घेणारा हा माणूस. माझं टाईप केलेलं त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही. एकदा मी म्हटलं, "अंकल, एकदा वाचून बघा." ते म्हणाले, "तुला काय वाजवून बघायचं?"

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

मग कार्गोवाले आले. घरून घरी पेटी पोचवणाऱ्या एका कंपनीचे मालक, मुंबईचे, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. माझी सेल्समनगिरी तेव्हा संपत आली होती. कंपनी माणसं कमी करत होती, आणि व्हिसा गेला की तीस दिवसांत परत. गावाकडे घराचं काम अर्धं झालं होतं, मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. शेठनी मला मॅनेजरची जागा देऊ केली. आणि त्याच बोलण्यात म्हणाले, "तुमच्या फोरमला पुढचा महिना आमच्याकडून. पण ते तुमचे अंकल काय काय लिहितात ते जरा बघा हां. तुम्हीच टाईप करता ना?"

एवढंच म्हणाले. धमकी नाही, काही नाही. चहाबरोबर खारी बिस्किटं होती.

अंकलनी नियमाप्रमाणे वसईला बहिणीच्या नावानं एक पेटी पाठवली. तीत त्यांनी ठेवलं ते असं: विजेचा एक बल्ब, फुटतो का बघायला. मत्रहच्या किनाऱ्यावरचे सहा दगड, नंबर घातलेले, कोणी उघडून काही काढतं का बघायला. आणि एक कांदा.

"कांदा कशाला?"

"दिवस मोजायला. तारखेवर कोणीही खोटा शिक्का मारेल. कांदा मारणार नाही."

पेटी पोचायची अठरा दिवसांत. पंधराव्या दिवशी शेठचा फोन आला, विसाव्या दिवशी आला, तिसाव्या दिवसापासून तर रोज यायला लागला, आता पत्र टाका म्हणून. अंकल म्हणाले, पेटी पोचल्याशिवाय नाही. अखेर वसईहून बहिणीचा फोन आला. बल्ब धड होता. दगड सहाच्या सहा होते. कांद्याला वीतभर पात आली होती आणि तिनं ती पट्टीनं मोजून, चिरून आमटीत घातली होती.

आभारपत्र मला मिळालं ते असं होतं: 'पेटी भक्कम बांधतात. काही फुटले नाही, काही गेले नाही. पेटी आणून देणारा मुलगा नम्र होता, पाणी मागून प्यायला. सांगितलेल्या अठरा दिवसांऐवजी पेटी एकेचाळिसाव्या दिवशी पोचली; तारीख गाठायची असेल त्याने या कार्गोवर विसंबू नये. एकंदर प्रामाणिक माणसे.'

शेठना फोनवर वाचून दाखवायचं काम त्या वेळी मी आपल्याकडे घेतलं. अंकलना सांगितलं, मी वाचून दाखवतो. दाखवलंही. शेठ म्हणाले, "एवढं एक वाक्य सोडलं तर छान लिहिलंय." मी ते वाक्य सोडून टाईप केलं. कागद अंकलच्या फाईलमध्ये परत ठेवला. महिन्याभरानं मी कार्गो कंपनीत रुजू झालो.

सोहारच्या वसाहतीत एक फिटर होता, राजापूरकडचा. फोरमवर तो फार लिहायचा नाही, 'कोण जातंय?' मध्ये कधीतरी आईसाठी गुडघ्याचं मलम पाठवायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याला रजा मिळाली नाही. कारखाना थांबवून दुरुस्ती करायचं शटडाऊनचं काम होतं. आपण नाही तर निदान पेटी तरी पोचावी म्हणून तो मत्रहला आला, दोन दिवस फिरून लग्नाची साडी घेतली, जावयाला घड्याळ, व्याह्यांना ब्लँकेट. कुणाच्या बॅगेत इतकी जागा मिळेना. मग त्यानं आमचं आभारपत्र वाचलं आणि लग्नाच्या महिनाभर आधी पेटी शेठकडे दिली. ती पावती मीच फाडली. त्यानं विचारलं, "लग्नाच्या आधी पोचंल ना, भाऊ?" मी म्हटलं, "अठरा दिवस. इन्शाल्ला."

लग्न झालं. पेटी त्यानंतर बारा दिवसांनी पोचली.

त्यानं फोरमवर तक्रार केली नाही. रोमन अक्षरांत एवढंच विचारलं की अंकलची पेटी कितव्या दिवशी पोचली होती. पण बाकीच्यांनी ते उचललं. एकानं लिहिलं की आता कळलं आभारपत्रात वाईट का नव्हतं. दुसऱ्यानं लिहिलं, अंकलना शेठनी गप्प केलं. ज्या माणसानं फोरमसाठी लेस लावलेला ड्रेस घातला होता, त्याला लोक विकला गेला म्हणत होते.

शुक्रवारी दुपारी अंकलनी मला अझैबाला बोलावलं. त्यांनी पहिल्यांदाच आपलं आभारपत्र स्क्रीनवर उघडलं होतं. शेजारी फाईलमधला कागद. ते एकदा इकडे बघत, एकदा तिकडे, बोट ओळीवरून सरकवत. बोट त्या वाक्याशी थांबलं. बराच वेळ तिथेच होतं. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "हे टाईप करताना वीज गेली होती का रे?"

मी त्या देशात नऊ वर्षं होतो. वीज गेलेली मला आठवत नव्हती.

"हो," मी म्हटलं. "बहुतेक गेली होती."

"मग ठीक," अंकल म्हणाले.

आणि त्यांनी एका बोटानं, माझी मदत न घेता, फोरमवर लिहिलं. पाऊण तास लागला. 'मूळ पत्रात एक वाक्य होते, ते येथे आले नाही. न तपासता मी आपले नाव खाली घातले. चूक माझी.' वीज गेल्याचंही लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर लोकांनी मलाच धरलं असतं.

पुढच्या शुक्रवारी ते म्हणाले, "सोहारला जायचंय, गाडी काढ." अडीच तासांचा रस्ता. दोन्ही शिक्के अंकलच्या खिशात होते, बसताना टोचले म्हणून त्यांनी काढून डॅशबोर्डवर ठेवले. मी सगळा वेळ ते बघत गाडी चालवली.

फिटर कॅम्पमध्ये आठ जणांच्या खोलीत राहायचा. अंकलना दारात बघून तो उठून उभा राहिला. "अहो अंकल, तुम्ही कशाला येवढ्या उन्हातनं आलात? फोन करायचा."

"चूक माझी," अंकल म्हणाले. "मी तपासलं नाही."

"असूं दे हो. नशिबात होतं." त्यानं आम्हाला पलंगावर बसवलं, शेजाऱ्याकडून कप आणले, चहा दिला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "लग्नाची सीडी आलीय. बघता?"

अंकल म्हणाले, "बघू."

आम्ही तीन तास ते लग्न बघितलं. सगळं. मुहूर्ताआधीचं जेवण, वऱ्हाडाची बस, बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस. फिटर एकेकाची ओळख करून देत होता आणि अंकल प्रत्येकाचं नातं नीट विचारून घेत होते. मंगलाष्टकांच्या वेळी मुलगी समोर आली. फिटरनं रिमोटनं चित्र थांबवलं. "ही चुलतीची साडी," तो म्हणाला. "इथं ती आपली असायची होती." चित्र थांबल्यानं मुलीचे डोळे अर्धे मिटलेले होते. अंकलनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग फिटरच म्हणाला, "पण घड्याळ चालू पोचलं बरं का." आणि त्यानं चित्र पुढे सुरू केलं.

निघताना तो माझ्या हातात हात देऊन म्हणाला, "भाऊ, गाडी सांभाळून चालवा. अंकलना लागेल."

फोरम त्यानंतर वर्षभरही चालला नाही. अंकलनी प्रायोजक घेणं बंद केलं. "माझ्या आभाराला आता किंमत काय? फुकटचं कोणाकडून का घेऊ?" मी म्हटलं, सभासद देतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललो नाही. ड्रायव्हिंगचा उस्ताद शिकवणीची गाडी घेऊन स्वतः अझैबाला आला होता. नवा आरसा दाखवून म्हणाला, "अंकल, एक साल मेरा नाम लिखो. बारा महीना. बुरा भी लिखो." अंकलनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणाले. सर्व्हरचं वर्ष संपलं त्या सकाळी मी ऑफिसात फोरम उघडायला गेलो तर नुसतं पांढरं पान आलं. 'कोण जातंय?' मध्ये त्या आठवड्यात कोणाच्या आईची औषधं अडकली असतील, मला माहीत नाही. मी तेव्हा फोनवर कोणाला तरी अठरा दिवस सांगत होतो.

अंकल निवृत्त होऊन वसईला गेले. मी पुढे तीन वर्षं कार्गोत काढली, मग आणखी दोन नोकऱ्या, मग परत आलो. घर बांधून झालं, मुलगी शिकली. तिला मराठी धड लिहिता येत नाही. एकदा तिनं विचारलं, बाबा, तुम्ही लोकांसाठी मराठी टाईप करायचा ना फुकट? मी हो म्हटलं.

मागच्या वर्षी मी वसईला गेलो. अंकल आता ऐंशीच्या जवळ आहेत. बहिणीबरोबर राहतात. मी गेलो तेव्हा ते ओट्यावर नारळ मांडून, कान लावून वाजवत बसले होते, आणि नारळवाला कंटाळून पायरीवर बसला होता. मला बघून म्हणाले, "जरा थांब, आठ राहिलेत." मी थांबलो. नारळवाला गेला, त्यांनी हात धुतले, बसले. मी उभाच होतो.

"अंकल, वीज गेली नव्हती," मी म्हटलं. "वाक्य मी काढलं. मला ती नोकरी हवी होती. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोललो. सोहारला तुमच्या शेजारी बसून तीन तास गप्प बसलो. फोरम माझ्यामुळे गेला. मला माफ करा."

आतून बहिणीनं विचारलं, "कोण आहे रे?" ते म्हणाले, "कार्गोवाला आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी तसंच, डब्याकडे बघायचे तसं.

"मस्कतला वीज जात नाही हे मलाही माहीत होतं," ते म्हणाले. "तू नाही म्हणशील म्हणून विचारलं होतं."

मी खाली बसलो.

"बरं. मिळाली," ते म्हणाले. "पण या माफीतली थोडीच माझ्या नावची आहे. बाकीचा माल चुकीच्या पत्त्यावर आणलायस. तो मी घेऊ शकत नाही." ते आत गेले आणि त्यांनी ती जुनी फाईल आणली. त्या आभारपत्राच्या कागदाला एक चिठ्ठी टाचलेली होती. फिटरच्या गावाचा पत्ता, त्यांच्या हस्ताक्षरात. "स्वतः जा. कोणाच्या बॅगेतून पाठवू नको. आणि पोचल्यावर कळव, कितव्या दिवशी पोचली ते."

राजापूरपासून पुढे दीड तास. फिटर आता घरी असतो, गुडघे गेलेत. त्यानं मला ओळखलं नाही. मुलगी माहेरी आली होती, बरोबर तिचा मुलगा, सातवी-आठवीतला. तिनं पाणी आणून दिलं. फिटर म्हणाला, "मस्कतचे आहेत. अंकलच्या ओळखीतले." मग तो हसला. "कसे आहेत हो अंकल? आमच्या लग्नाची सीडी सबंध बघितलेला तो एकच माणूस."

मी पेला खाली ठेवला. मी मुलीकडे वळलो, कारण साडी तिची होती.

"ताई, मी माफी मागायला आलोय."

"माझी? कशाबद्दल?" ती गोंधळून बापाकडे बघायला लागली.

"तुमची पेटी उशिरा येणार हे मला पाठवायच्या आधीच माहीत होतं. तसं लिहिलेलं होतं. ते मी पुसलं, आणि तुमच्या वडलांना अठरा दिवस म्हणून सांगितलं. अंकलची चूक नव्हती, माझी होती. ती साडी तुम्ही त्या दिवशी नेसायला हवी होती. मला माफ करा. आणि हेही उशिराच पोचलं, त्याबद्दलही. चौदा वर्षं लागली."